जुन्या शेवरोले पिकअपचे ब्रेक आणि पेडल: इंदूरच्या पालद्यातील एका वर्कशॉपचे परीक्षण

जुन्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करणारी गॅरेजे इंदूरमध्ये पुष्कळ आहेत. ब्रेकच्या कामाची सुरुवात पेडलपासून करणारे मला आजवर एकच भेटले. नेमावर रोडला लागून असलेल्या पालदा औद्योगिक भागात, आतल्या एका गल्लीत, ते छोटेसे वर्कशॉप आहे. मालक रामबागेत वाढलेले मराठी गृहस्थ असून लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या शेडमध्ये जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतात आणि जुन्या गाडीचे काम ते एका वेळी एकच घेतात. नाव छापले की गर्दी होते आणि गर्दी झाली की हात घाई करू लागतात, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे मी येथे नाव देत नाही. काम मात्र तपशिलाने सांगतो, कारण ब्रेकचे काम चांगले झाले की वाईट, हे गाडी बाहेर काढताना कळत नाही. ते कशा रीतीने झाले हे पाहिल्यानेच कळते.

आमची गाडी १९५१ सालची शेवरोले ३१००, म्हणजे अर्ध्या टनाची पिकअप. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. त्या काळातील उजव्या स्टिअरिंगच्या ज्या गाड्या निमाड-माळव्यात शेतीच्या आणि जिनिंगच्या कामाला लागल्या, त्यांपैकी ही एक. आमच्या आजोबांनी ती खरगोनच्या बाजूला सरकी आणि कापूस वाहण्यासाठी वापरली; नंतर ती बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांची कामे पूर्वीच झाली होती. ब्रेक मात्र काही केल्या भरवशाचे होत नव्हते, आणि सरळ सपाट रस्त्याबाहेर गाडी न्यावी असा धीर घरात कोणालाही होत नव्हता.

या गाडीच्या ब्रेकची रचना आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा खर्च आणि सगळी डोकेदुखी तिच्यातूनच निघते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तेलाच्या दाबावर चालतात. जोर वाढवणारा बूस्टर नाही. पेडलच्या जोराने तेलावर दाब आणणारा मास्टर सिलेंडर आजच्या गाड्यांप्रमाणे बोनेटखाली नसून चालकाच्या पायाखाली, केबिनच्या फरशीच्या पत्र्याखाली चेसिसला बसवलेला आहे. तेल भरायचे तर मॅट बाजूला करून फरशीतले झाकण उघडावे लागते. ब्रेकचे आणि क्लचचे पेडल वरून लोंबत नाहीत. फरशीतून खाली जाऊन ती एका आडव्या शाफ्टवर फिरतात. म्हणजे पावसाचे पाणी, चिखल, धूळ हे सगळे थेट त्या शाफ्टवर उडते आणि तेथे ग्रीस देण्याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की १९५० पर्यंतच्या गाड्यांत हक पद्धतीचे ब्रेक होते आणि १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे आले. दोन्हींचे शू (ड्रमवर आतून दाबले जाणारे कमानी भाग), स्प्रिंगा आणि चाकातले सिलेंडर एकमेकांना चालत नाहीत. ‘पन्नासच्या आसपासची शेवरोले’ एवढ्या वर्णनावर भाग मागवणाऱ्याचे पैसे हमखास वाया जातात. काकांनी गाडी पाहण्यापूर्वीच फोनवर पहिला प्रश्न सालाचा विचारला आणि दुसऱ्याच वाक्यात एका चाकाचा ड्रम काढून आतला फोटो पाठवायला सांगितले, तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसू लागला.

तक्रार तिहेरी होती. पहिल्या दाबाला पेडल खोल जाई आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येई. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढत असे. आणि गावात थोडे अंतर चालवल्यानंतर गाडी जड वाटू लागे. थांबवून पाहिले तर चारही ड्रम हात लावणे कठीण जाईल इतके तापलेले असत. यापूर्वी शहरातल्याच एका दुसऱ्या गॅरेजमध्ये मास्टर सिलेंडरचे किट, चाकांतले वॉशर आणि शूचे लायनर (ड्रमवर घासणारा थर) असे सगळे नवीन घालून झाले होते. बिल मोठे झाले, पण तिन्ही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या, उलट ड्रम तापण्याचे प्रमाण वाढले.

काकांनी चाकांना हातही लावला नाही. चालकाच्या जागेवर न बसता ते दार उघडून खाली उकिडवे बसले, ब्रेकच्या पेडलचा दांडा दोन बोटांत धरला आणि आडवा हलवला. पेडल डावी-उजवीकडे चांगलेच डुलत होते. मग त्यांनी ते हळूच पुढे ढकलले आणि रबरी पॅडच्या कडेला पोलादी पट्टी धरून मोकळी चाल मोजली. ती जवळजवळ नव्हतीच. पेडलचा बुश (शाफ्टवर बसणारी धातूची नळी) इतका झिजलेला असताना पेडलला ढिलाई जास्त असायला हवी, मग ती शून्य कशी, असे त्यांनी स्वतःशीच म्हटले आणि मुलाला फरशीचे झाकण उघडायला लावले.

पुढे जे त्यांनी दाखवले ते जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने एकदा तरी पाहावे असे आहे. मास्टर सिलेंडरच्या तेलाच्या टाकीच्या तळाशी एक अगदी बारीक छिद्र असते. पेडल सोडलेले असताना हे छिद्र उघडे असायला हवे, कारण चाकांकडचे तेल तापून फुगले तर ते याच वाटेने टाकीत परत येते. पेडल दाबल्यावर पिस्टनचा रबरी वॉशर पुढे सरकून छिद्र बंद करतो आणि मगच दाब तयार होतो. काकांनी आत बॅटरीचा उजेड टाकला आणि मला पेडल हाताने, अगदी हलके दाबायला सांगितले. छिद्र उघडे असेल तर त्या पहिल्या हलक्या दाबाला टाकीतल्या तेलातून एक बारीक कारंजे वर येते. आमच्या गाडीत तेलाचा पृष्ठभाग हललाही नाही. म्हणजे पेडल सोडलेले असतानाही छिद्र बंदच होते. त्यांनी खाली जाऊन पुशरॉडचा (पेडलचा जोर पिस्टनला देणाऱ्या दांडीचा) नट काही आटे मागे घेतला, पुन्हा दाबायला सांगितले, आणि सुईएवढी तेलाची धार उसळून झाकणाच्या कडेवर पडली.

याचा अर्थ सरळ होता. पेडलचा बुश झिजला, पुशरॉडची पिन झिजली, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागले. आणि ती खोली भरून काढण्यासाठी आधीच्या कोणीतरी पुशरॉड लांब करून ठेवला. पेडल क्षणभर वर आले, परंतु पिस्टन पूर्ण मागे येईनासा झाला, छिद्र कायमचे झाकले गेले, आणि तापलेल्या तेलाला परतीची वाट न राहिल्याने ब्रेक आपोआप लागू लागले. नवीन किटमध्ये वॉशर जाड आणि ताजा असल्यामुळे हा दोष आणखी वाढला. बूस्टर नसलेल्या अशा गाडीत पेडलचा दांडा पायाचा जोर साधारण पाच-सहापट करून पिस्टनवर देतो. याच हिशेबाने पिनेच्या ठिकाणी झालेली एक मिलिमीटरची झीज पायाखाली पाच-सहा मिलिमीटरची पोकळी होऊन दिसते. पिन, तिचे भोक, बुश आणि शाफ्ट या चार ठिकाणची झीज एकत्र झाली की पेडलची निम्मी चाल नुसती ढिलाई खाऊन टाकते. चाकांत कितीही नवे सामान घातले तरी ही ढिलाई जात नाही, आणि बहुतेक गॅरेजे नेमकी हीच जागा सोडून बाकी सगळे बदलतात.

पेडल दुरुस्त करण्याचे काम हा या वर्कशॉपचा सर्वात उत्तम भाग आहे. शाफ्ट बाहेर काढल्यावर त्याच्या खालच्या बाजूला बोटाला लागेल असा खड्डा पडलेला दिसला. शाफ्ट नवीन, ईएन-८ पोलादाचा, त्यांच्याच लेथवर केला. दोन्ही पेडलांसाठी गनमेटलचे बुश तयार केले, आतून ग्रीसची चर पाडली, ते दाबून बसवले आणि बसवल्यानंतर रीमरने आतला व्यास शाफ्टला जुळवून घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बुश दाबून बसवताना थोडा आवळतो आणि आधीच अचूक केलेला बुश नंतर शाफ्टवर अडकतो. पुशरॉडच्या पिनेचे भोक लंबगोल झाले होते. ते वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावे, असे मी सुचवले तेव्हा काकांनी स्पष्ट नकार दिला. पेडलचा दांडा हा घडीव लोखंडाचा आहे, त्यावर पूर्ण वजनाने पाय पडतो, आणि वेल्डिंगच्या कडेला पडलेली सूक्ष्म भेग रंगाखाली दिसत नाही, असे त्यांचे कारण होते. त्यांनी भोक मोठे आणि गोल करून त्यात पातळ पोलादी बुश बसवला व मूळ मापाची नवीन पिन वापरली. पेडल मागे ओढणारी स्प्रिंगही बदलली. शेवटी दोन्ही पेडल जागेवर बसवून, मास्टर सिलेंडर न जोडता, नुसती हाताने खालीवर करून दाखवली. सोडली की अडखळत नाहीत आणि आडवी डुलत नाहीत, हे पाहिल्यावरच ते पुढच्या कामाला गेले.

पेडलवरील रबरी पॅड आणि फरशीच्या भोकातली रबरी सीले यांच्याबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण परदेशातून भाग मागवणाऱ्यांची येथे फसगत होते. या गाडीचे जवळजवळ सगळे भाग अमेरिकेत नव्याने तयार होतात व कॅटलॉगमधून मिळतात. पण तो कॅटलॉग डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असतो. चाकांतले सिलेंडर, शू, स्प्रिंगा, वॉशरचे किट, पेडलचे रबरी पॅड हे दोन्हींकडे सारखेच चालतात. पेडलचे दांडे, त्यांचे वळण, मास्टर सिलेंडर धरणारा ब्रॅकेट आणि तयार वाकवून दिलेल्या ब्रेकच्या नळ्या मात्र आपल्या गाडीला बसत नाहीत, कारण आपल्याकडे ही सगळी रचना चेसिसच्या उजव्या बाजूला आहे. काकांनी मला दोन वेगवेगळ्या याद्या करून दिल्या. पहिलीत मागवायचे भाग होते आणि दुसरीत येथेच तयार करायचे. दुसऱ्या यादीतले काहीही, कितीही स्वस्त आणि चकचकीत दिसले तरी मागवू नये, असे त्यांनी बजावले. फरशीची सीले त्यांनी जाड रबराच्या शीटमधून कापून, आतून नमदा लावून तयार केली. पावसाळ्यात पाय कोरडे राहतात आणि शाफ्टवर चिखलही पूर्वीइतका उडत नाही.

चाकांतल्या सिलेंडरांपैकी मागचे दोन्ही आतून खड्डे पडल्यामुळे टाकून द्यावे लागले, पुढचे दोन हलके होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, वाचले. येथे मापाचा मुद्दा येतो. या सिलेंडरांची मापे इंचांत आहेत. बाजारात एक इंचाच्या जागी २५ मिलिमीटरचा वॉशर सर्रास दिला जातो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि तो फरक नव्या वॉशरमध्ये चालून जातो, परंतु रबर थोडे कडक झाले की तेथूनच गळती सुरू होते. काका प्रत्येक वॉशर व्हर्नियरने मोजतात व त्यावरचे उत्पादनाचे साल पाहतात. तीन रबरी होज पाइप होते, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलसाठी एक. तिन्ही बाहेरून ठीक दिसत होते. एक उभा चिरून दाखवला तेव्हा आतली नळी फुगून मार्ग काडीएवढा उरलेला दिसला. अशा पाइपातून दाब जातो, पण तेल लवकर परतत नाही आणि ते चाक घासत राहते. धातूच्या नळ्या सगळ्या नवीन, पोलादी, ३/१६ इंचाच्या टाकल्या आणि टोके दुहेरी फ्लेअर केली, म्हणजे जोडासाठी दुमडून पसरट केली. फ्रिज आणि एसीच्या कामाची तांब्याची नळी इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळते, वळतेही सुरेख, आणि म्हणून काही जण ती ब्रेकला वापरतात. गाडीच्या सततच्या कंपनाने साधे तांबे कडक होऊन तडकते. ती नळी येथे आणूही देत नाहीत.

गाडी डावीकडे का ओढत होती, त्याचे उत्तर ड्रम काढल्यावर लगेच मिळाले. बेंडिक्स ब्रेकमध्ये प्रत्येक चाकाचे दोन शू सारखे नसतात. पुढच्या बाजूच्या शूचे लायनर आखूड असते आणि मागच्या बाजूच्या शूचे लांब. गाडी पुढे जात असताना पहिला शू ड्रमबरोबर फिरू पाहतो आणि दुसऱ्याला जोराने ढकलतो, त्यामुळे बूस्टर नसतानाही ब्रेक चांगला लागतो. आमच्या पुढच्या उजव्या चाकात हे दोन शू उलटे बसवलेले होते. ते चाक कमी धरत होते आणि म्हणून गाडी डावीकडे जात होती. त्याशिवाय मागच्या एका चाकात ॲक्सलचे सील गळून लायनर तेलकट झाले होते. सील बदलले आणि ते लायनर धुऊन परत वापरण्याचा विचारही न करता फेकून दिले.

अकरा इंची ड्रम आपल्याकडे आता मिळत नाहीत असेच समजावे, म्हणून लेथवर ते किती घासायचे हा निर्णय जपून घ्यावा लागतो. सर्वसाधारण मर्यादा व्यासात साठ हजारांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, इतकीच आहे. काकांनी रेघा पूर्ण जाईपर्यंत घासण्याचा हट्ट धरला नाही. ड्रम गोल झाला की थांबले आणि उरलेल्या एक-दोन बारीक रेघा तशाच ठेवल्या. त्यानंतर नवे लायनर ड्रमच्या गोलाईला जुळतील असे घासून घेतले, आणि खडूने रेघा मारून शू ड्रममध्ये फिरवून कोठे टेकतो ते तपासले. सुरुवातीला शूच्या फक्त मधल्या पट्ट्यावरचा खडू पुसला जात होता. शेवटी तो कडेपासून कडेपर्यंत सारखा पुसला गेला, तेव्हा त्यांनी शू बसवायला दिले.

ब्रेक ऑइलबाबत त्यांचे मत ठाम आहे आणि मला ते पटले. ग्लायकोलवर आधारलेले डॉट ३ किंवा डॉट ४ वापरावे आणि दर दोन पावसाळ्यांनी तरी पूर्ण बदलावे. हे तेल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, तो ओल धरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ड्रम तापल्यावर ओलसर तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकते. सिलिकॉनचे डॉट ५ ओल शोषत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ते चांगले, असे मी वाचले होते. काकांचा आक्षेप असा की आत शिरलेले पाणी मग तेलात न मिसळता सर्वात खालच्या जागी साचते, आणि या गाडीत मास्टर सिलेंडर बराच खाली आहे. शिवाय ते ग्लायकोलच्या तेलात मिसळत नाही, त्यामुळे रस्त्यात कोणी चुकीची बाटली ओतली तर सगळी यंत्रणा उघडावी लागते. आम्ही डॉट ४ घातले आणि फरशीच्या झाकणाखाली त्याची चिठ्ठी लावली.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचे काम नेहमीच्या पद्धतीने, सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करून झाले. क्लचच्या पेडलची मोकळी चाल, पायाने दाबायचा स्टार्टर आणि हेडलाइटचा पायबटणाचा स्विच हे त्याच फरशीवर असल्यामुळे तेही साफ करून, ग्रीस देऊन जुळवून दिले. त्याची वेगळी मजुरी लावली नाही. ब्रेकच्या पेडलला अखेर पाव इंचाहून थोडी जास्त मोकळी चाल ठेवली आणि ती मला माझ्या हाताने, पट्टी धरून मोजायला लावली.

उणिवा सांगायलाच हव्यात. सर्वात गंभीर उणीव ही की पहिल्या दिवशी तेथल्या मुलाने ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. मी हे सांगितल्यावर काकांनी वाद घातला नाही, पुढचे ड्रम ओल्या फडक्याने पुसून ती फडकी पिशवीत बांधली. परंतु इतक्या जाणत्या वर्कशॉपमध्ये हे सांगावे लागू नये आणि तोंडाला मास्क न लावता ते मूल तेथे उभे असू नये. दुसरी उणीव अंदाजपत्रकाची. काय लागेल ते तोंडी सांगतात, वहीत लिहितात, ग्राहकाला कागद देत नाहीत. काम पुढे जाते तसा आकडा वाढतो. आमच्या बाबतीत वाढलेला प्रत्येक रुपया योग्य होता, तरी आधी लिहून मिळाले असते तर घरात समजावणे सोपे गेले असते. तिसरे म्हणजे वेळ. सांगितलेल्या तारखेवर विसंबून कोणी रॅलीत नाव नोंदवू नये. रंगकामही त्यांचे क्षेत्र नव्हे: पेडलच्या दांड्यांना दिलेला काळा रंग जाड बसला आहे आणि शाफ्टजवळ तो खरवडून काढावा लागला.

गाडी बाहेर आल्यावर आधी बायपासवर, रहदारी कमी असताना, हलके ब्रेक लावत लायनर बसू दिले. नंतर महूमार्गे जाम घाट उतरून मंडलेश्वरपर्यंत नेली. इंदूरकरांना घाटातले ब्रेक म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आग्रा-मुंबई महामार्गावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. घाटाच्या माथ्यावरच्या जाम दरवाजाशी थांबून ड्रम पाहिले, मग खालच्या गिअरमध्ये, इंजिनचा रोध वापरत आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता, अधूनमधून लावत उतरलो. पेडल प्रत्येक वळणावर त्याच उंचीला धरत होते. गाडी कोठेही ओढली नाही. खाली पोहोचल्यावर चारही ड्रम गरम होते, पण चौघांची उष्णता सारखी होती, आणि पेडल सोडल्यावर गाडी हाताने ढकलली तर सहज सरकत होती. पूर्वी सपाट रस्त्यावरसुद्धा हे होत नसे. पायाला जोर मात्र लागतो, आजच्या गाडीपेक्षा बराच जास्त, आणि ओल्या रस्त्यावर अंतर राखूनच चालवावे लागते. ड्रम ब्रेकचा तो स्वभावच आहे.

एका मुद्द्यावर आमचे काकांशी अजून एकमत झालेले नाही. या गाडीत चारही चाकांना एकाच मास्टर सिलेंडरचा एकच दाब जातो. एक होज फुटला, एक नळी निखळली, की चारही ब्रेक एकदम जातात आणि उरतो तो तारेवर चालणारा हँडब्रेक. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलांपासून पुढच्या आणि मागच्या चाकांचे दाब वेगळे करणारे दुहेरी मास्टर सिलेंडर सर्व गाड्यांत आले, ते याच कारणासाठी. जुन्या पिकअपसाठी तसे तयार किटही तिकडे मिळते, पण ते पुन्हा डाव्या बाजूचे. उजव्या बाजूला बसवायचे तर ब्रॅकेट नवीन करावा लागेल. काकांचे मत असे की मूळ रचना नीट सांभाळली तर पुरते आणि गाडीचे मूळपण टिकते. मला वाटते, घाटात कुटुंबासह उतरणाऱ्या गाडीत मूळपणापेक्षा दुसरा दाब अधिक मोलाचा आहे, विशेषतः ब्रॅकेट चेसिसच्या आहे त्याच भोकांवर बसणार असेल आणि काही कापावे लागणार नसेल तर. त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना करून जागा मोजून ठेवली आहे. करणार नाही असे म्हटलेले नाही.

एकूण खर्च पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेला. त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग परदेशातून आलेल्या सामानाचा आणि त्यावरील सीमाशुल्काचा, उरलेला लेथ, नळ्या, लायनर आणि मजुरी यांचा. पेडल, शाफ्ट व बुश यांचे काम यात सर्वात स्वस्त पडले, आणि आधीच्या गॅरेजने ते केले असते तर बाकीचा बराच खर्च दोनदा झाला नसता.

जाणाऱ्यांनी आधी फोन करून वेळ घ्यावी, गाडीचे साल आणि एका ड्रमच्या आतला फोटो तयार ठेवावा, आणि जुने काढलेले भाग परत मागून घ्यावेत. ते देतात, व एकेका भागावर काय बिघडले होते ते बोट ठेवून सांगतात. बेंडिक्स ब्रेकचे शू आपोआप जुळत नाहीत, म्हणून नवे लायनर थोडे चालल्यावर गाडी पुन्हा दाखवायची असते. आम्ही नेली तेव्हा काकांनी चारही चाके उचलून, मागच्या पत्र्यातल्या फटीतून ॲडजस्टरचे दातेरी चाक ड्रम घासेपर्यंत फिरवले, मग चाक मोकळे होईपर्यंत दात मोजत मागे घेतले, पुढच्या दोन्ही चाकांना सारखेच. त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढची जुळवणी दिवाळीनंतर करायची आहे आणि त्याच वेळी दुहेरी सिलेंडरच्या ब्रॅकेटचा निर्णय होईल.